रजा मंजूर, दुपारी पेज घ्यावी

वाचकाचे पत्र (संक्षिप्त करून):

"महोदया, मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत उपशिक्षक आहे. लग्नानंतरची पहिली सहा वर्षे आम्ही दोघे सांगली जिल्ह्याच्या दोन टोकांना होतो. मी पूर्वेला आटपाडी तालुक्यात आणि पत्नी पश्चिमेला शिराळा तालुक्यात. पती-पत्नी एकत्रीकरणातून माझी बदली झाली आणि तिच्याच द्विशिक्षकी शाळेतली रिक्त जागा मला मिळाली. शाळा पहिली ते चौथीची, पट (मुलांची संख्या) 34. पत्नी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी सेवाज्येष्ठ असल्यामुळे शाळेचा प्रभार तिच्याकडे आहे.

गेल्या पावसाळ्यात मला ताप आला. सकाळी गोळी तिनेच दिली, कपाळावर पट्टीही तिनेच ठेवली. शाळेत पोहोचल्यावर मात्र तिचा व्हॉट्सॲपवर संदेश आला की किरकोळ रजेचा अर्ज तत्काळ पाठवावा. मी झोपल्या झोपल्या अर्ज पाठवला. उत्तर आले, 'रजा मंजूर. दुपारी पेज घ्यावी.' त्यानंतर महिन्याभराने तिने सूचना वहीत लिहिले, 'श्री. सरांचे पाठांचे टाचण अपूर्ण असून ते 15 तारखेपूर्वी पूर्ण करून सादर करावे.' मी सही केली. दुसरा इलाज नव्हता. त्याच रात्री आमटी अळणी झाली होती. मी दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत लिहिले, 'आमटीत मीठ कमी आढळले. लेखी खुलासा सादर करावा.' तिने खाली लिहिले, 'खुलासा: मीठ घालण्यापूर्वीच संबंधित कर्मचारी जेवायला बसले.' तेव्हापासून त्या वहीत दुधाचा हिशेब कमी आणि आमचा पत्रव्यवहारच जास्त आहे.

केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांमधले, शिक्षकबंधू शिक्षण परिषदेला मला विचारतात, 'सर, चहा घेण्यापूर्वी परवानगी घेतलीत का?' माझी आई आमच्याकडे असते. तिचे म्हणणे, बायकोच्या हाताखाली सही करणारा आमच्या घराण्यात मी पहिलाच. मी आता पुन्हा बदलीचा अर्ज करावा, की पत्नीने प्रभार सोडावा? हे पत्र पत्नीला न सांगता लिहीत आहे. आपला, एक उपशिक्षक."

उत्तर:

सप्रेम नमस्कार, गुरुजी.

तुमचे पत्र फुलस्केपच्या चार पानांवर आहे. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केलेल्या आहेत, आणि ते अक्षर तुमचे नाही. "हे पत्र पत्नीला न सांगता लिहीत आहे" या तुमच्या वाक्याखाली मात्र कोणतीही खूण नाही, म्हणजे शुद्धलेखनाच्या दृष्टीने ते निर्दोष ठरले असावे. ज्या बाईंनी स्वतःविरुद्धची तक्रार वाचली, तपासली आणि न फाडता पाकिटात परत घातली, त्यांच्याशी तुमचे फार बिनसले आहे असे मला वाटत नाही. म्हणून हे उत्तर तुमच्या नावे असले, तरी ते दोघेही वाचतील असे धरूनच मी लिहीत आहे.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देऊन टाकते. बदलीचा अर्ज करू नका, आणि मॅडमना प्रभार सोडायला सांगू नका. एकत्रीकरणाच्या लाभासाठी दोघांच्या शाळांमध्ये 30 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असावे लागते. तुमच्यामध्ये त्याच्या तिपटीहून अधिक अंतर होते, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर विट्यात एसटी बदलून रात्री घरी पोहोचायचे व सोमवारी पहाटे पुन्हा निघायचे, असे तुम्ही सहा वर्षे केले आहे. रिक्त पदांची यादी पाहण्यासाठी रात्र-रात्र मोबाइल उशाशी घेऊन जागलेला माणूस आता टाचणाच्या एका शेऱ्यावरून पुन्हा आटपाडीची वाट धरायला निघतो, हे तुमच्या रागाला शोभणारे असेल, पण हिशेबाला धरून नाही. शिवाय दुष्काळी भागातून तुम्ही चांदोलीच्या पावसात आला आहात. इथे आषाढात कपडे आठ दिवस वाळत नाहीत, त्यामुळे तुमच्या चिडचिडीतला थोडा वाटा हवामानाचाही असावा, अशी मला शंका आहे.

प्रभाराबद्दल एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असूनही तुम्ही पत्रात टाळली आहे. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी 60 पटापर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत, आणि मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद पट 150 च्या वर गेल्यावर येते. तुमच्या 34 पटाच्या शाळेत मुख्याध्यापकाचे पदच नाही. आहे ते फक्त त्या पदाचे काम, आणि ते जो ज्येष्ठ असेल त्याच्या गळ्यात पडते. तुमच्याहून तीन वर्षे आधी सेवेत येणे एवढाच मॅडमचा अपराध आहे. पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेणे, रोज किती मुले जेवली ते दुपारी ॲपवर भरणे, शाळेच्या आकडेवारीची यूडायसवरची माहिती, शालार्थ प्रणालीवरचे पगारबिल, जमाखर्चाची किर्द, दाखले, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचे इतिवृत्त, आणि तालुक्याहून "आजच्या आज" म्हणून मागवलेली ती माहिती जी गेल्या महिन्यातही आजच्या आजच मागवली होती, हे सगळे त्यांनी पहिली-दुसरीचे वर्ग शिकवत असताना करायचे आहे. ज्याला तुम्ही अधिकार समजता, त्याचा बराचसा भाग म्हणजे रेंज मिळावी म्हणून शाळेच्या पायरीवरून पटांगणाच्या कोपऱ्यापर्यंत मोबाइल उंच धरून फिरणे आहे.

आता रजेचा अर्ज. इथे मी निःसंशय मॅडमच्या बाजूची आहे. ताप खरा होता, याबद्दल पत्नी म्हणून त्यांना तीळमात्र शंका नव्हती. पट्टी त्यांनीच ठेवली होती. पण त्या दिवशी अकरा वाजता केंद्रप्रमुख अथवा विस्तार अधिकारी शाळेत आले असते आणि हजेरीपत्रकात तुमच्या नावासमोर ना सही, ना रजेचा अर्ज दिसला असता, तर "सर घरी आजारी आहेत, मी स्वतः पाहून आले" हे उत्तर इतर कोणत्याही मुख्याध्यापकाने दिले असते तर चालून गेले असते; तुमच्या पत्नीने दिले असते, तर तेच उत्तर वशिल्याचे ठरले असते. जिथे नाते असते तिथे कागद जास्त लागतो, कमी नाही. त्यांनी अर्ज मागितला तो स्वतःसाठी जितका, तितकाच तुमच्यासाठी. मंजुरीच्या पुढचे पेजेचे वाक्य मात्र कार्यालयीन पत्रव्यवहारात बसत नाही, हे मान्य करावे लागेल. ते वेगळ्या संदेशात यायला हवे होते. तरीही, इतकी वर्षे अर्ज आणि त्यांवरचे शेरे वाचून झाल्यावर मी सांगू शकते की रजेच्या मंजुरीसोबत पथ्यही कळवणारा वरिष्ठ सहसा मिळत नाही.

टाचणाच्या बाबतीतही निकाल तुमच्या विरुद्ध आहे, पण थोडा वेगळ्या कारणाने. त्याच कायद्यात शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान 45 तास धरले आहेत आणि त्यांत पाठाच्या तयारीचा वेळ अंतर्भूत आहे. म्हणजे टाचण हा मॅडमचा हट्ट नाही. तुमच्या पगाराचाच तो भाग आहे. "त्या आठवड्यात मी घरातला गॅस आणण्यासाठी दोनदा खेपा घातल्या, ते तिला माहीत होते," असे तुम्ही लिहिले आहे. तिला माहीत होते हे खरे, पण प्रभारी मुख्याध्यापिकेला ते माहीत असण्याचे कारण नव्हते, आणि तुमची अडचण नेमकी इथे आहे. घरातल्या कामाची पावती तुम्ही शाळेत वटवायला गेलात. दुसऱ्या कोणा शिक्षिकेकडे प्रभार असता, तर "मॅडम, घरचा गॅस संपला होता" हे कारण तुम्ही तोंडातून काढले असते का?

असे म्हटले, तरी शेरा वहीत लिहिण्यापूर्वी एकदा तोंडी सांगायला काय हरकत होती, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत सूचना वही म्हणजे एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने वाचायचे. तिथे तिसरा वाचक नसतो. त्यामुळे इतर शाळांमध्ये जी सूचना सगळ्यांना उद्देशून विरून जाते, ती तुमच्याकडे थेट एकाच माणसाच्या कपाळावर येऊन बसते. मॅडम, हे तुमच्यासाठी: वहीत लिहिणे बंद करू नका, ते नियमाने आवश्यक आहे. परंतु लिहिण्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर, मुले गेल्यानंतर आणि मोटारसायकल सुरू होण्यापूर्वी, ते एका वाक्यात सांगून टाका. मग दुसऱ्या दिवशीची सही ही नुसती सही राहील.

आमटीकडे वळते, कारण माझ्या मते संपूर्ण प्रकरण तिथे आहे. शाळेतल्या दोन्ही घटना त्या मानाने किरकोळ आहेत. तुमच्या शाळेत खिचडी मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने तिची चव घ्यायची आणि चव नोंदवहीत नोंद करायची, असा नियम आहे. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल, हे प्रमाण तुम्हाला झोपेत विचारले तरी सांगता येईल. शाळेत स्वयंपाकी बाई आहेत, मदतनीस आहेत, चव घेणारे आहेत, नोंद करणारे आहेत. घरात मात्र या सगळ्या जागा एकाच बाईंनी भरलेल्या आहेत आणि तुमच्याकडे फक्त तपासणीचे काम आहे, तेही जेवायला बसल्यानंतरचे. शाळेत तुम्हाला ज्या विस्तार अधिकाऱ्यांचा राग येतो, जे वर्षातून दोनदा येतात, वर्गात पाच मिनिटे उभे राहतात आणि जाताना शेरा लिहितात, त्यांचीच भूमिका घरात तुम्ही रोज रात्री साडेआठ वाजता करता. "मीठ कमी आढळले" हा शेरा चांगला आहे, मला हसू आले. पण मॅडमचा खुलासा त्याहून चांगला आहे, आणि तो खराही आहे.

तेव्हा प्रभार सोडायचा असेल, तर तो शाळेतला नव्हे, घरातला सोडायला हवा, आणि तो घ्यायला तुम्ही पुढे यायला हवे. "मी मदत करतो की," असे तुम्ही पत्रात दोन ठिकाणी लिहिले आहे. लसूण सोलून देणे, दूध तापत ठेवणे, सांगितले की दळण आणणे, हे मदतनीसाचे काम झाले. डाळ संपत आली आहे हे लक्षात ठेवणे, उद्या उपवास आहे हे आज आठवणे, आईंना वांगे चालत नाही म्हणून दुसरी भाजी योजणे, हे प्रभाराचे काम आहे आणि ते अजूनही मॅडमच्या डोक्यात आहे. माझी सूचना अशी की रात्रीच्या जेवणाचा पूर्ण प्रभार तुम्ही घ्यावा. पूर्ण म्हणजे, काय करायचे हे विचारायचे नाही, मीठ किती हे विचारायचे नाही, आणि जळले तर खुलासाही तुमचाच.

शाळेचा चार्ज घेताना जशी चार्ज यादी करतात, तशी इथेही करून घ्या. तुम्हा दोघांनाही लिहिण्याची इतकी आवड आहे की ते तुम्हाला मनापासून जमेल. डबे किती, त्यांत काय, कुकरची शिट्टी कोणत्या बाजूने पकडून बसवावी लागते, मिक्सरचे कोणते भांडे गळते, फोडणीच्या कढईचा कान कधी निखळला, हे सगळे देणाऱ्याने लिहून द्यावे आणि घेणाऱ्याने तपासून घ्यावे. "देणार" आणि "घेणार" अशा खाली सह्या कराव्यात. एकदा चार्ज दिल्यावर जुन्या प्रभारींनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून "फोडणी करपते आहे" असे म्हणू नये. तुमच्या गावात नवे मुख्याध्यापक आल्यावर जुने मुख्याध्यापक रोज शाळेच्या पायरीवर येऊन बसले, तर त्याला आपण काय म्हणतो, ते मॅडमना सांगायला नको. पहिले पंधरा दिवस आमटी अळणी होईल, किंवा खारट होईल. दोन्हींचा लेखी पुरावा तुमच्याच वहीत राहील, एवढाच तोटा.

आईंचे बोलणे तुम्हाला लागले आहे, हे पत्रावरून दिसते. त्यांना सही दिसते, कारण तुम्ही घरी येऊन ती सांगता. आटपाडीला असताना तुम्ही तिथल्या मुख्याध्यापकांच्या हाताखाली कितीतरी सह्या केल्या असतील, त्यांतली एकही घराण्याच्या कानावर गेली नाही. आता मी तुम्हाला आधीच सावध करते की सहीपेक्षा मोठा गदारोळ तुम्ही हातात झारा घेतल्यावर होणार आहे. आई सुनेला बोलतील, तुम्हाला नाही. त्या वेळी भाजी ढवळत तुम्ही ऐकू न आल्यासारखे करू नका. उत्तर तुम्ही द्या, मुलगा म्हणून द्या, आणि ते मॅडम समोर असताना द्या. सहा वर्षे आटपाडीच्या खोलीत तुम्ही स्वतःच्या हाताने पिठले-भात करून खाल्ला, हे आईंना ठाऊक आहे. त्यावर त्यांचा आक्षेप नव्हता. आक्षेप आता बायको जवळ असूनही करता याला आहे, आणि तो कितपत धरायचा हे तुम्हीच ठरवा.

शिक्षकबंधूंच्या थट्टेला मी फारशी किंमत देत नाही. एसटीमध्ये वाहकाने दोनदा घंटी दिल्याशिवाय चालक गाडी हलवत नाही, आणि एकदा दिली की थांबवतो. चालकाला त्यात कमीपणा वाटल्याचे ऐकिवात नाही, कारण गाडी चालवतो तोच. पुढच्या शिक्षण परिषदेत कोणी चहाच्या परवानगीबद्दल विचारले, तर "परवानगी मिळाली, साखर कमी घेण्याच्या अटीवर" असे सांगून मोकळे व्हा. थट्टा करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पत्नी अजून दुसऱ्या तालुक्यात आहेत, हे लक्षात घेतले की त्या हसण्याचा थोडा अर्थही लागेल.

शाळा आणि घर यांच्यामधली हद्द मात्र तुम्हा दोघांनाही आखावी लागेल. तुम्ही शिराळ्यात राहता आणि मोटारसायकलने शाळेला जाता, असे पत्रात आहे. (मुख्यालयी, म्हणजे शाळेच्याच गावी, राहण्याचा विषय मी मुद्दामच काढत नाही, हे सदर हलकेफुलके असले, तरी त्याचे वाचक अधिकारीही असू शकतात.) वाटेत तुमच्या म्हणण्याप्रमाणे ओढ्यावरचा पूल लागतो. पुलाच्या पलीकडे शाळा आणि अलीकडे घर, असे ठरवून टाका. परतताना पूल ओलांडला की टाचण, बिल, दाखला हे विषय बंद. जाताना ओलांडला की गॅस, दळण आणि आईंच्या गुडघ्याचे तेल बंद. पावसाळ्यात हेल्मेटमधून आणि रेनकोटमधून तसेही निम्मे ऐकू येत नाही, त्यामुळे सुरुवात आषाढात करावी. सवय व्हायला सोपे जाईल.

संबोधनाचेही तसेच आहे. मॅडमनी एकदा व्हरांड्यातून तुम्हाला "अहो" अशी हाक मारली आणि तेव्हापासून पहिलीची मुले तुम्हाला "अहो सर" म्हणतात, हा प्रसंग तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिला आहे. मला त्यात मुलांची काही चूक दिसत नाही. नाव ऐकले ते त्यांनी लक्षात ठेवले, आणि आदरार्थी "सर" स्वतःहून जोडले. हे आता परिपाठात घोषणा करून थांबणार नाही. ती मुले चौथीत जाईपर्यंत वाट पाहावी लागेल. नव्याने पहिलीत येणाऱ्यांसमोर तेवढी काळजी घ्या.

मॅडमसाठी आणखी एक सांगायचे आहे, आणि ते गुरुजींनी लिहिले नसते तर माझ्या लक्षातही आले नसते. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष किंवा एखादे पालक रविवारी सकाळी तुमच्या घरी दाखल्यासाठी येतात, चहा होतो, आणि तुम्ही दप्तरातून शिक्का काढता. यात माणुसकी आहे, नाही असे नाही. पण त्या वेळी गुरुजी बनियनवर बाहेरच्या खोलीत बसलेले असतात, आणि येणारा माणूस त्यांच्याकडे पाहून "मॅडम आहेत का?" असे विचारतो. आठवड्यातून एक दिवस तरी आपल्या घरात आपण कोणाच्या कार्यालयाबाहेर बसलेलो नाही, असे त्यांना वाटावे. तातडीचे नसेल, तर "उद्या साडेदहाला शाळेत या" असे सांगा. लोक येतात, शिराळ्याच्या बाजारात येऊन एरवी दिवसभर थांबतातच की.

शिक्षकाच्या कामाच्या गोपनीय अहवालाबद्दल तुम्ही शेवटच्या पानावर घाईघाईने विचारले आहे. पत्नीने पतीचा अहवाल लिहावा, हे दोघांच्याही हिताचे नाही. चांगला लिहिला तर पक्षपात, आणि वाईट लिहिला तर ती वही पुन्हा उघडावी लागेल. तो कोणी लिहावा आणि त्यावर कोणी सही करावी, याची विचारणा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे केंद्रप्रमुखांमार्फत लेखी करा आणि आलेले उत्तर फाइलला लावून ठेवा. समितीच्या बँक खात्यावर अध्यक्षांसोबत सचिव म्हणून मॅडमची सही चालते. तिथे साक्षीदार म्हणूनही तुमचे नाव कुठे येऊ देऊ नका. खरेदीची चर्चा सभेत होऊ द्या, रात्रीच्या जेवणावर नको. एका घरातल्या दोन माणसांनी मिळून शाळेची सतरंजी घेतली, तर ती कितीही स्वस्त मिळाली तरी गावात तिची किंमत वाढतच जाते.

3 जानेवारीचा प्रसंग तुम्ही जाता जाता लिहिला आहे, पण मला तो सगळ्यांत आवडला. सावित्रीबाईंच्या जयंतीला सरपंचांनी भाषणात जोतिराव-सावित्रीबाईंचा आदर्श म्हणून तुम्हा दोघांची नावे घेतली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि तुम्ही दोघे प्रतिमेच्या दोन बाजूंना हात जोडून उभे होता. सकाळी दूध उतू गेल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हता. 1848 मध्ये भिडे वाड्यात शाळा सुरू करणाऱ्या त्या दांपत्याला लोकांच्या शेणामातीला तोंड द्यावे लागले. तुम्हाला ओट्यावरचे दूध पुसावे लागले. सरपंचांनी नावे एका दमात घेतली, हा त्यांचा उत्साह. तुम्ही ते मनावर घेऊ नका, पण ओटा कोणी पुसला हे मात्र तुम्ही लिहिलेले नाही, आणि न लिहिल्यामुळेच ते कळते.

राहता राहिली तुमची ती छुपी इच्छा, की एकदा तरी प्रभार आपल्याकडे यावा. तो येईल. मॅडमना प्रशिक्षणासाठी चार-पाच दिवस बोलावणे येते, तेव्हा शाळेत उरता तुम्ही एकटे. त्या दिवसांत चारही वर्ग, हजेरी, तांदळाची नोंद, ॲप, आणि दुपारी "आजच्या आज" मागवलेली माहिती, सगळे तुमचे असेल. मॅडमना फोन करून विचारू नका, प्रशिक्षणात फोन बंद ठेवायला सांगतात. संध्याकाळी आमटीही तुमचीच. आणि अशाच दिवशी केंद्रप्रमुख नेमके शाळाभेटीला येतात आणि पहिल्यांदा टाचण मागतात. तेव्हा 15 तारखेच्या आत तेवढे पूर्ण करून ठेवा.